संज्ञापन आणि नाट्य विभागाच्या यादीत कोण काय करतो आणि कोणाकडे कशासाठी जावे

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात, 'कम्युनिकेशन अँड थिएटर' अशा जोडनावाच्या विभागात, संज्ञापनाच्या एम.ए.साठी प्रवेश आणि सोबत अध्यापन-साहाय्यकाची जागा मिळाली आहे. विभागाच्या प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या यादीत चाळीसएक नावे आहेत आणि त्यांपुढे असोसिएट प्रोफेसर, लेक्चरर, ॲडजंक्ट, टेक्निकल डायरेक्टर, कॉस्च्युम शॉप सुपरवायझर अशी पदे लिहिलेली आहेत. यांतील कोणाचा अधिकार कशावर चालतो, आधी कोणाला लिहावे आणि नाटकवाल्या मंडळींशी आपला संबंध येणारच नाही असे गृहीत धरावे का, असे तिने विचारले आहे.

मी अशाच एका विभागात १९ वर्षे शिकवले, नाटके बसवली आणि त्यांपैकी चार वर्षे विभागप्रमुखाची खुर्चीही सांभाळली. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो. यादी पदांच्या उतरंडीने लावलेली असते, परंतु तुमचे काम कोणापाशी अडेल आणि कोणामुळे मार्गी लागेल हे त्या उतरंडीवरून कळत नाही. ते कळते वेळापत्रक कोण आखतो आणि किल्ल्या कोणाच्या ताब्यात असतात यावरून, आणि ही माणसे बहुधा यादीच्या खालच्या अर्ध्यात सापडतात.

संज्ञापन आणि नाटक एका छपराखाली कसे आले हे समजले, तर यादी निम्मी उलगडते. १९१४ साली शिकागोत वक्तृत्व शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतून फुटून निघाले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली; तीच अनेकदा नाव बदलत आज नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन म्हणून ओळखली जाते. बोलणे ही लेखनाची दुय्यम शाखा नाही, तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून विद्यापीठांमध्ये 'स्पीच' नावाचे विभाग उभे राहिले आणि वक्तृत्व, वादविवाद, साहित्याचे अभिवाचन, नभोवाणी, वाचादोषांवरील उपचार आणि नाटक हे सगळे त्यांत येऊन बसले, कारण या सर्वांचे मूळ साधन माणसाचा आवाज हेच होते. दुसरी वाट त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये निघाली. तिथे कार्नेगी टेक या तंत्रशिक्षण संस्थेने नाटकाची पदवी देणारा देशातील पहिला अभ्यासक्रम सुरू केला आणि नाटक ही हाताने शिकायची कारागिरी मानली. मोठ्या विद्यापीठांत पुढे वाटण्या होऊन नाटकाने स्वतंत्र चूल मांडली. मध्यम आणि लहान विद्यापीठांत मात्र एकत्र कुटुंब टिकले. जुन्या नावांचा जीवही चिवट असतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील 'स्कूल ऑफ स्पीच' हे नाव थेट २००२ पर्यंत चालू होते.

त्यामुळे तुमच्या यादीत संस्थांतर्गत संवादावर संख्याशास्त्रीय संशोधन करणाऱ्या बाई आणि प्रकाशयोजनाकार शेजारीशेजारी दिसतात, तो अपघात नव्हे. दोघांच्या कामाचे मोजमाप मात्र अगदी निराळे आहे आणि विभागातील बहुतेक कुरबुरींचे मूळ तिथे असते.

आता पदे पाहू. असिस्टंट, असोसिएट आणि फुल प्रोफेसर ही चढती भाजणी. असिस्टंट प्रोफेसर 'टेन्युअर'च्या, म्हणजे कायम नेमणुकीच्या वाटेवर असेल, तर साधारण सहाव्या वर्षी त्याच्या कामाची परीक्षा होते. यामागे अमेरिकी प्राध्यापक संघटनेने महाविद्यालयांच्या संघटनेसह १९४० मध्ये मान्य केलेले निवेदन आहे. परिवीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये आणि कायम करायचे नसेल तर वर्षभर आधी कळवावे, असे त्यात म्हटले आहे. पाचव्या-सहाव्या वर्षातला असिस्टंट प्रोफेसर पत्रांना उशिरा उत्तर देतो, बैठकांत फारसा बोलत नाही आणि नव्या विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यायला कचरतो. त्याचा राग धरू नये. प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना मात्र हे गणित ध्यानात घ्यावे, कारण निर्णय विरुद्ध गेला तर त्याला विद्यापीठ सोडावे लागते आणि तुम्हाला नवा मार्गदर्शक शोधावा लागतो.

लेक्चरर आणि इन्स्ट्रक्टर हे मुदतीच्या करारावर असतात, त्यांच्याकडून संशोधनाची अपेक्षा कमी आणि तासांची अपेक्षा जास्त असते. ॲडजंक्ट हा अभ्यासक्रमागणिक मोबदला घेणारा, पुष्कळदा स्वतःची खोलीही नसलेला शिक्षक. व्यवसायात काम करणारे नट, पत्रकार आणि जनसंपर्क अधिकारी याच नावाखाली शिकवायला येतात आणि मी पाहिलेले काही उत्तम वर्ग त्यांचे होते. पण त्यांच्या वेळेचा मोबदला वर्गापुरताच असतो, म्हणून त्यांना सहा शिफारसपत्रे मागण्याआधी दोनदा विचार करावा.

संबोधनाबद्दल एक बारीक सूचना. नाट्यशाखेतील दिग्दर्शक आणि रचनाकारांची अंतिम पदवी एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) मानली जाते, संज्ञापन आणि नाट्येतिहासाच्या अध्यापकांची पीएच.डी.; म्हणून यादीत एकाला 'डॉ.' असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर दुसरा कमी शिकलेला आहे असा अर्थ काढू नये. सर्वांना 'प्रोफेसर' म्हणावे. ज्यांना पहिल्या नावाने हाक मारलेली चालते ते स्वतःहून सांगतात.

मोजमापाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याचा तुमच्याशीही संबंध आहे. संज्ञापनाचा प्राध्यापक निबंध छापतो आणि तो निबंध दहा वर्षांनीही समितीपुढे ठेवता येतो. दिग्दर्शकाचे नाटक शेवटच्या प्रयोगाच्या रात्री उतरते आणि पहाटेपर्यंत त्याच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात. कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेची व्याख्या नव्या शोधापुरती न ठेवता उपयोजन, समन्वय आणि अध्यापनापर्यंत रुंदावावी असे मांडले, तेव्हापासून नाट्यनिर्मितीला संशोधनाच्या तोडीचे मानण्यासाठी विभागांना भक्कम आधार मिळाला. तरीही अमुक नाटक कोणत्या तोडीचे, हे ठरवायला बाहेरून जाणकार बोलवावा लागतो, त्याला तालीम व प्रयोग दाखवावे लागतात आणि त्याचे लेखी मत फाइलला लावावे लागते. मी समितीवर असताना एका सहकाऱ्याने अतिशय निरागसपणे विचारले होते, 'ही प्रकाशयोजना साधारण किती पानांची समजायची?' आम्ही हसलो, पण उत्तर द्यायला पाऊण तास लागला.

कामाच्या बोजाचेही तसेच आहे. तीन श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) अभ्यासक्रम म्हणजे १५ आठवड्यांत साधारण ४५ तास वर्ग. नाटक बसवणे बहुतेक ठिकाणी अशाच एका अभ्यासक्रमाच्या बदल्यात धरतात. सहा आठवडे, आठवड्याला पाच संध्याकाळी, रोज साडेतीन तास तालीम धरली तर १०५ तास होतात आणि त्यात प्रकाश, ध्वनी व रंगीत तालमींचा शेवटचा आठवडा आलेलाच नाही. मान्य, वर्गाच्या ४५ तासांमागे तयारी आणि तपासणीही असते. पण ती तर नाटकामागेही असते. सत्राच्या सातव्या आठवड्यात नाट्यशाखेच्या अध्यापकाकडे गेलात आणि तो तुमच्याकडे बघूनही न बघितल्यासारखा वाटला, तर त्याचे कारण हे आहे.

आता तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव, जे यादीत चटकन नजरेत भरणार नाही: 'बेसिक कोर्स डायरेक्टर'. सार्वजनिक भाषणाचा प्राथमिक अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा असतो. त्याच्या दर सत्रात पंधरावीस तुकड्या चालतात, प्रत्येक तुकडीत वीस-पंचवीस विद्यार्थी असतात आणि त्या तुकड्या मुख्यतः अध्यापन-साहाय्यक व ॲडजंक्ट शिकवतात. विभागाला मिळणाऱ्या विद्यार्थिसंख्येचा मोठा वाटा इथून येतो आणि त्या संख्येच्या जोरावरच नाट्यशाखेची लहान लहान तुकड्यांची अभिनयशिकवणी परवडते, हे फारसे कोणी मोठ्याने बोलत नाही. तुमची तुकडी, पाठ्यक्रम, गुणदानाची पट्टी, वर्गनिरीक्षण आणि पहिली तक्रार, हे सगळे या संचालकाच्या हातात असते. प्रबंधाचा मार्गदर्शक तुमचा गुरू असेल, पण पहिल्या वर्षातला तुमचा वरिष्ठ हाच.

त्यांना पहिल्या पत्रात तीन गोष्टी विचाराव्यात: प्रशिक्षण कोणत्या तारखेला सुरू होते, तुकड्या एक की दोन, आणि भाषणांच्या गुणांचे प्रमाणीकरण कसे करतात. शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्याला तुमच्याबद्दल बरेच कळते. एकच ध्वनिचित्रित भाषण सर्व साहाय्यकांना दाखवून गुण द्यायला लावतात. पहिल्या फेरीत एकाचे ७२ आणि दुसऱ्याचे ९१ असा फरक निघतो आणि मग चर्चा करून तो मिटवत आणतात. गुणांची तक्रार आधी तुमच्याकडे, मग संचालकाकडे, त्यानंतर विभागप्रमुखाकडे आणि शेवटी डीनकडे जाते. पायरी गाळून वर गेलेले प्रकरण खालीच परत येते. आणि विद्यार्थ्याच्या आई-वडिलांनी फोन करून गुण विचारले, तर सांगू नयेत. १९७४ च्या संघीय कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्या विद्यार्थ्याचा असतो; पालकांना कार्यालयाकडे पाठवावे.

कार्यालयीन प्रशासक हे यादीतील दुसरे महत्त्वाचे नाव. विभागप्रमुख तीन-चार वर्षांनी बदलतो, हे माणूस पंधरा-वीस वर्षे तिथेच असते. पुढच्या वर्षीच्या वर्गखोल्या कोणत्या, भरलेल्या वर्गात शिरकाव कसा मिळतो, पगाराचा कागद कोणत्या खिडकीत अडकला आहे, मागच्या वेळी असा अर्ज कोणत्या शब्दांत मंजूर झाला होता, हे सगळे तिथे असते. मी प्रमुख झालो त्या दिवशी आमच्या प्रशासक बाईंनी माझ्यापुढे महिनावार तारखांचा एकच कागद ठेवला. त्यातल्या निम्म्या तारखा मला ठाऊकच नव्हत्या आणि त्यांपैकी एक दुसऱ्या दिवशीची होती. त्यांना लिहिताना विद्यार्थी क्रमांक, नेमके काय हवे आणि शेवटची तारीख एवढे चार ओळींत लिहावे. व्हिसाचा प्रश्न मात्र त्यांना विचारू नये. त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील अधिकृत अधिकारी असतो आणि त्या बाबतीत विभागातील कोणाचाही सल्ला, अगदी विभागप्रमुखाचाही, ग्राह्य धरू नये.

याच ओघात एक सावधगिरी. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठ परिसरात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. साहाय्यकाची पूर्ण जागा बहुधा २० तासांचीच असते. म्हणजे तिकीट खिडकीवर किंवा वेशभूषेच्या कार्यशाळेत तासावारी काम मिळतेय म्हणून हो म्हणालात, तर मर्यादा ओलांडली जाते आणि त्याचा भुर्दंड तुमच्या व्हिसावर पडतो. काम देणाऱ्याला हे माहीत असेलच असे नाही.

नाटकवाल्यांशी संबंध येणारच नाही, हे गृहीतक सोडून द्यावे. प्रेक्षागृहातील ध्वनियंत्रणा, भाषणस्पर्धेसाठीचा रंगमंच, तुमच्या विद्यार्थ्यांना श्रेयांकासाठी पाहावे लागणारे नाटक, या सगळ्यांत ती मंडळी भेटतात. त्यांपैकी टेक्निकल डायरेक्टरचे पद काय असते, हे मला कसे कळले ते सांगतो. नेपथ्य उभारणे, सुतारकामाची कार्यशाळा चालवणे आणि रंगमंचावरची सुरक्षितता हे त्याचे काम. मी नवा असताना शेवटच्या प्रयोगानंतर नेपथ्य उतरवण्याचे काम चालू होते. रंगमंचावर आडव्या पाइपला लटकवलेली साधारण ५०० पौंडांची भिंत खाली जमिनीपर्यंत आणलेली होती. भिंत खाली आली तेव्हा दोरांच्या दुसऱ्या टोकाची, तिला तोलून धरणाऱ्या लोखंडी वजनांची चौकट साहजिकच वर, सज्जाच्या उंचीला गेली होती. उशीर झाला होता, म्हणून मी मुलांना म्हणालो, सोडा भिंत. दोन मुले गाठींना हात घालतात तोच वरून टेक्निकल डायरेक्टरचा आवाज आला, 'कोणीही हलायचे नाही.' नियम असा की, चढवताना आधी पाइपला ओझे लावायचे आणि मग वजने भरायची. उतरवताना आधी वजने काढायची आणि मगच ओझे सोडायचे. आम्ही भिंत आधी सोडली असती, तर ५०० पौंड लोखंड वरून कोणताही अडसर नसल्यासारखे खाली आले असते आणि रिकामा पाइप वर उसळला असता. मी प्राध्यापक होतो, दिग्दर्शक होतो, तो पदाने 'कर्मचारी' होता. पण रंगमंचाच्या त्या चौकोनावर शब्द त्याचाच चालतो आणि चालायलाच हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक अक्षरही न बोलता सुरक्षा-नियमांचा कागद माझ्यापुढे सहीसाठी सरकवला.

रांगांच्या मधल्या वाटेत एक जादा खुर्ची ठेवू द्या म्हणून हाउस मॅनेजरशी, म्हणजे प्रेक्षागृहाची व्यवस्था पाहणाऱ्याशी, वाद घालणारे अध्यापकही मी पाहिले आहेत. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत ६०० हून अधिक माणसे गेली, कित्येक दारांपर्यंत पोहोचूनही ती न उघडल्यामुळे. अमेरिकेतील प्रेक्षागृहांचे अग्निसुरक्षा-नियम त्यानंतर कडक झाले. खुर्चीला मिळालेल्या नकारामागे हा इतिहास आहे.

वेशभूषेची कार्यशाळा चालवणारी सुपरवायझर ही मला वाटते सर्वांत कमी लेखली जाणारी व्यक्ती. एकदा पोशाख अंगावर घालून बघण्याच्या वेळी तिथे उभे राहून पाहावे. खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना कच्च्या टाक्यांनी जोडलेला असतो. ती तोंडात टाचण्या धरून नटाभोवती फिरते, त्याला बसायला लावते, हात वर करायला लावते, गुडघ्यावर यायला लावते. दिग्दर्शक सहज म्हणून जातो की, मारामारीचा प्रवेश आता जिन्यावर घेतला आहे. ती टाचण्या काढून ठेवते, कारण आता बाहीच्या काखेत कळी घालावी लागणार, पँटची बैठक सैल करावी लागणार आणि तलवारीच्या पट्ट्याची जागा बदलणार. एका वाक्याने दोन दिवसांचे काम वाढते. शिवाय तिच्या हाताखालचे कारागीर तासावारी वेतनावर असतील, तर १९३८ च्या श्रमकायद्याप्रमाणे आठवड्याला ४० तासांपुढच्या प्रत्येक तासाला दीडपट वेतन द्यावे लागते. 'आज जरा तासभर थांबता का' असे म्हणणारा अध्यापक, त्याच्या लक्षात येवो न येवो, विभागाचे पैसे खर्च करत असतो. अध्यापकांना हा नियम लागू नसल्यामुळे रात्री बारापर्यंत थांबणे त्यांना स्वाभाविक वाटते. दोन प्रकारच्या नोकऱ्यांमधली ही भिंत यादीत दिसत नाही.

उरलेली पदे थोडक्यात. प्रॉडक्शन मॅनेजर वेळापत्रक आणि अंदाजपत्रक जुळवतो. नाटकाच्या प्रयोगाचे हक्क हाती येण्याआधी जाहिरात करू न देणे हे त्याचे अप्रिय कर्तव्य. वादविवाद संघाचा प्रशिक्षक सत्रातले निम्मे शनिवार-रविवार प्रवासात असतो, त्यामुळे सोमवारी सकाळी त्याच्याकडे काही मागू नये. विद्यार्थी-वृत्तपत्राचा सल्लागार सल्लाच देतो, मजकुराचा निर्णय सामान्यतः विद्यार्थी-संपादकांचा असतो. आणि यादीत नसलेली एक व्यक्ती, स्टेज मॅनेजर, बहुधा वीस वर्षांची विद्यार्थिनी असते. प्रयोग सुरू झाला की प्रत्येक दिवा तिच्या 'गो' या एका शब्दावर लागतो आणि दिग्दर्शकाने तिथे लुडबुड करायची नसते.

तेव्हा पहिले पत्र बेसिक कोर्स डायरेक्टरला, दुसरे कार्यालयाला, आणि तिसरे अभ्यासक्रम-समन्वयकाला लिहावे. मार्गदर्शक निवडण्याची घाई पहिल्या सत्रात करू नये. दोघातिघांचे वर्ग करून, त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलून मग विचारावे. विभागप्रमुखाला प्रत्यक्ष भेटल्यावर नमस्कार पुरेसा आहे. प्रेक्षागृह किंवा कार्यशाळा वापरायची वेळ आली, तर टेक्निकल डायरेक्टरकडे किमान दोन आठवडे आधी जावे आणि किल्ली मागू नये; सुरक्षा-प्रशिक्षण कधी आहे ते विचारावे. जाताना बंद बूट घालावेत, केस बांधावेत आणि ओढणी खोलीवर ठेवावी.